कळंबच्या शिवारातलं पोलाद

इंदापूर तालुक्यात पाण्याचं मोल कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नीरा नदीच्या पट्ट्यात ऊस डोलतो आणि थोडं आत गेलं की उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वस्त्या लागतात. अशा तालुक्यात चांद्रयानाचा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, 'इथे प्यायला पाणी नाही, चंद्रावर कशाला पैसा?' प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचं बरंचसं उत्तर याच तालुक्यात, कळंबच्या शिवारात आहे.

१९३०च्या दशकात उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी इथे उसाची शेती आणि साखर कारखाना उभारला, त्यातून वालचंदनगर वसलं. साखरेला यंत्रं लागतात, म्हणून यंत्रं घडवणारे हात तयार झाले. बॉयलर, गिरण्यांचे रूळ, वाफेचा दाब सोसणारी भांडी. १९७०च्या दशकात इस्रोला रॉकेटच्या घन इंधनासाठी पोलादी कवचं करून देणारा कारखाना हवा होता. साखरेच्या यंत्रांवर तयार झालेले हे हात तेव्हा कामी आले.

हे कवच, कामगारांच्या भाषेत 'मोटार केसिंग', म्हणजे एक अजस्र नळकांडं. एलव्हीएम-३ रॉकेटच्या दोन्ही बाजूंना जे एस-२०० बूस्टर असतात, त्यांचा व्यास ३.२ मीटर आणि प्रत्येकात दोनशे टनांहून अधिक इंधन. मात्र पत्र्याची जाडी असते अवघी आठेक मिलीमीटर. निकेल आणि कोबाल्ट घातलेल्या मॅरेजिंग पोलादाचा पत्रा वाकवून गोल करायचा, कडेला कड भिडवून वेल्डिंग करायचं, प्रत्येक जोडाचा एक्स-रे काढायचा, मग सुमारे ४८० अंशांच्या भट्टीत ते पोलाद पक्कं करायचं. शेवटी आत पाणी भरून दाब चढवायचा. बॉयलर घडवलेल्या माणसाला पाण्याच्या दाबाची ही परीक्षा परकी नाही. फरक इतकाच की इथे जोडात बारीकसा बुडबुडा राहिला, तरी शेकडो लोकांची वर्षानुवर्षांची मेहनत काही सेकंदांत समुद्रात जाऊ शकते.

कारण वेगळं होतं, पण मेहनत अशी समुद्रात एकदा गेलीही होती. १० ऑगस्ट १९७९ रोजी इस्रोच्या एसएलव्ही-३ या रॉकेटचं पहिलं उड्डाण फसलं आणि ते बंगालच्या उपसागरात कोसळलं. तेव्हा सरकारने निधीचा हात आखडता घेतला असता, तर तो व्यवहारी निर्णय ठरला असता. तसं झालं नाही. १८ जुलै १९८० रोजी याच रॉकेटवरून 'रोहिणी' उपग्रह कक्षेत पोहोचला. त्या वेळी विक्रम साराभाई अवकाश केंद्राची धुरा पुण्यात जन्मलेल्या वसंत गोवारीकरांकडे होती. घन इंधनाच्या रसायनात त्यांनी उमेदीची वर्षं घातली होती.

२०२४-२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अवकाश विभागाला सुमारे १३ हजार कोटी रुपये मिळाले, म्हणजे सरकारच्या शंभर रुपयांतले जेमतेम सत्तावीस पैसे. हा पैसा चंद्रावर जात नाही. पावसाचं पाणी जमिनीत मुरावं तसा तो वेल्डरच्या मनगटात, तपासनिसाच्या नजरेत, पोलादाच्या रसायनात मुरतो. विहिरीला पाझर लागायला मात्र वर्षं जातात.

असं मुरलेलं कौशल्य गाठीशी असलं की जगाशी बोलण्याचा सूरही बदलतो. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातल्या थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं, तेव्हा रॉकेट अमेरिकेचं होतं आणि त्यातली सोडियम बाष्पाची सामग्री फ्रान्सची. आपल्याकडे जागा होती आणि जिद्द होती. पंचेचाळीस वर्षांनी, २००८ साली, चांद्रयान-१ने अमेरिका, युरोप आणि बल्गेरियाची उपकरणं आपल्या खांद्यावर नेली आणि त्यातल्या अमेरिकी उपकरणाने चंद्राच्या मातीत पाण्याच्या खुणा टिपल्या. मधल्या काळात दारं बंद झाल्याचेही दिवस आले. १९९३मध्ये अमेरिकेच्या दबावाखाली रशियाने क्रायोजेनिक, म्हणजे अतिशीत इंधनावरच्या इंजिनांचं, तंत्रज्ञान देण्याचा करार मागे घेतला. इंजिनं मिळाली, विद्या मिळाली नाही. ती इथेच कमवावी लागली. सहकार्याच्या पंगतीत मानाने बसायचं, तर आपल्या घरचंही काही ताटात वाढता यावं लागतं.

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून जीएसएलव्ही-एफ१६ने 'निसार' उपग्रह कक्षेत नेला. त्यावरचं एक रडार नासाचं, दुसरं इस्रोचं, दोन्हींना मिळून बारा मीटर व्यासाची एकच जाळीदार अँटेना. त्या रॉकेटच्या पहिल्या टप्प्याचा गाभा घन इंधनाचा, मॅरेजिंग पोलादाच्या कवचातला. अशी कवचं वालचंदनगरने कित्येक वर्षं घडवली आहेत. ही रडारं ढगांतून आणि काळोखातूनही बघतात. पिकाची वाढ, जमिनीतली ओल, खचणारी भूमी त्यांना कळते आणि ही माहिती जगभर कुणालाही खुली आहे.

बारा दिवसांत दोनदा हा उपग्रह आपल्या डोक्यावरून जातो. कळंबच्या उसावरूनही जातो, आणि त्या टँकरच्या वस्तीवरूनही. तिथल्या मातीत या आठवड्यात ओल किती उरली, हे त्या नोंदींतून वाचता येतं.