आमचा मुरमाचा रस्ता

रस्त्यांच्या दुर्दशेविषयी तक्रार करण्यात आम्ही कोणास हार जाऊ असे नाही. परंतु ही तक्रार हमरस्त्याच्या कडेपर्यंत येऊन थांबते. डांबर सोडून आमच्या वस्तीच्या अंगणापर्यंत जो चारशे फुटांचा तुकडा आहे, त्याच्यासंबंधाने आम्हांस बोलता येत नाही. तो सरकारचा नव्हे, जिल्हा परिषदेचा नव्हे, आमचा आहे. त्याचे जे बरेवाईट झाले ते आमच्याच हातून झाले.

अहिल्यानगर जिल्ह्यातील (सन २०२४ पर्यंत ज्यास अहमदनगर म्हणत) मनुष्याने चिखलावर लिहावे, याचे परक्यास हसू येईल. अकोल्याचा डोंगरी भाग वगळला तर आमच्याकडे वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस झाला की लोक संतुष्ट असतात. पण नेवासे तालुक्यातील काळी माती ज्याने तुडविली आहे तो हसणार नाही. उन्हाळ्यात तिला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पहिल्या दोन पावसांत ती अशी फुगते की चप्पल पायाची न राहता मातीची होते. म्हणून अशा जमिनीत राहणारा मनुष्य मुरूम टाकतो. काळ्या पाषाणाचाच कुजून झालेला हा तांबूस भुगा वरून दाबला म्हणजे छान बसतो. मात्र काळ्या मातीची भूक मोठी. दर दोन-तीन वर्षांनी ती मुरूम गिळून पुन्हा तोंड उघडून बसते.

शाळेतून निवृत्त झाल्यावर आम्ही एक लहान ट्रॅक्टर घेतला व त्याच्या मागे लावावयाचे लोखंडी पातेही घेतले. वय साठीचे असले तरी त्या दिवशी आमची वृत्ती नवी पाटी मिळालेल्या मुलासारखी होती, हे कबूल केले पाहिजे. श्रावणात आठवडाभर झड लागली व रस्त्यावर चार बोटे राड साचली. उघडीप होताच आम्ही पाते पुरते खाली सोडले आणि अंगणापासून डांबरापर्यंत दोन फेऱ्या मारल्या. राड गेली. बांधाला तिचा लांबच लांब ढीग लागला. रस्ता इतका सपाट दिसू लागला की आम्ही त्याचे छायाचित्र काढून नातलगांस पाठविले.

शेजारचे तात्या बांधावर उभे राहून हे सारे पाहत होते. ते ढिगाकडे पाहून म्हणाले, “गुरुजी, दाढी करायला बसलात अन् कातडं सोलून काढलंत.” आम्ही हसलो. ढिगात राडीबरोबर मुरूमही निघून आला होता, हे आम्हांस दिसत होते. परंतु दिसणे निराळे आणि पाहणे निराळे.

भाद्रपदात एका रात्री मोठा पाऊस झाला. पहाटे आई न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पाय घसरून पडली व तिच्या मांडीचे हाड खुब्यापाशी मोडले. रुग्णवाहिका वेळेवर आली. पण डांबरावरच उभी राहिली. आम्ही सपाट केलेल्या रस्त्याचा आता पाट झाला होता व त्यात पोटरीइतकी राड होती. चौघांनी आईला बाजेवर घेतले. चारशे फूट जावयास पाऊण तास लागला. वाटेत दोनदा बाज कलली. वेदनेने तिचे ओठ पांढरे पडले होते, तरी ती खांदेकऱ्यांस म्हणत होती, “हळू रे बाबांनो, पाय रुतताहेत तुमचे.” आम्ही पुढचा पाया धरला होता. त्या पाऊण तासात ती आम्हांस एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

शस्त्रक्रिया होऊन ती घरी आली तेव्हा एके दिवशी तिने खाटेवरूनच विषय काढला. १९७२ च्या दुष्काळात आमची आई रस्त्याच्या कामावर खडी फोडीत होती. “मुकादम आम्हांला सांगायचा,” ती म्हणाली, “मधे उंच ठेवा, कडा उतरत्या ठेवा. रस्त्याला पाठ असावी, पोट नसावं. एवढा शिकलास, तुला कोणी सांगितलं नाही?”

सांगितले होते. जॉन मॅकॅडम (१७५६–१८३६) या स्कॉटलंडच्या गृहस्थाचे नाव आम्ही वर्गात कित्येक वर्षे घेतले. त्याचे म्हणणे असे की, गाडीचा भार मूळची मातीच वाहते, पण ती कोरडी असेल तोपर्यंतच. वरचा फोडलेला दगड हे तिच्यावरचे छप्पर होय. आम्ही छप्पर काढून बांधाला टाकले होते.

याच सुमारास आमच्या पुतण्याने अमेरिकेतून चलचित्र पाठविले. तो व्हरमाँट प्रांतात राहतो. त्या प्रांतातील निम्म्याहून अधिक रस्ते अद्याप कच्चे आहेत, आणि थंडी सरताना वरची जमीन विरघळते व खालची गोठलेलीच राहते, त्यामुळे पाणी न जिरता जो चिखल होतो त्यास तेथील लोक एक स्वतंत्र ऋतूच मानतात. चित्रात पुतण्या चार चाकांच्या एका बुटक्या गाडीवर घोड्यासारखी टांग टाकून बसला होता. या जातीची वाहने होंडा कंपनीने १९७० साली तीन चाकांवर विकावयास आरंभ केला. पुढे चौथे चाक आले. गाडीच्या पुढे तिरके पाते होते व त्यावरून बर्फ बाजूस लोळत होते. आईने विचारले, “हे सगळं टाकतो कुठं? शेजाऱ्याच्या बांधाला?” शेजाऱ्याच्या बाजूस टाकण्याची तेथेही चोरी आहे असे कळल्यावर तिला बरे वाटले.

आमची हकीकत ऐकून पुतण्या म्हणाला, “काका, पहिल्या वर्षी मीही हेच केलं. बर्फासकट सगळी खडी गवतात गेली.” त्याच्या शेजाऱ्याने त्यास दोन गोष्टी शिकविल्या. आरंभीचे बर्फ काढावयाचेच नाही. त्यावरून गाडी फिरवून ते दाबावयाचे, म्हणजे ते खडीसह गोठून कठीण थर होतो, व पुढचे बर्फ त्या थरावरून काढता येते. दुसरी गोष्ट, पात्याच्या दोन्ही टोकांस खाली लोखंडी वाट्यांसारखे पाय असतात. ते बसवून पाते जमिनीपासून इंचभर अधांतरी ठेवावयाचे.

आमच्याकडे गोठणारे काही नाही. परंतु पात्यास पाय बसविता येतात. तात्यांच्या ओळखीच्या एका लोहाराने ते एका दुपारी वितळजोड देऊन बसवून दिले. वेळ कोणती साधावी, याचे उत्तर मात्र आम्हांस दूरच्या एका शेतकऱ्याने दिले. अमेरिकेतील मिसूरी प्रांतात डी. वॉर्ड किंग नावाचा मनुष्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभा चिरलेला ओंडका घोड्यांमागे तिरका बांधून आपल्या मातीच्या रस्त्यावरून ओढीत असे. दर पावसानंतर, माती ओली असावी पण चिकटू नये, अशा वेळी तो हे करी. कडेची माती थोडीथोडी मध्यावर येई व रस्त्यास पाठ चढे. पुढे तिकडच्या शेतीखात्याने या युक्तीवर पुस्तिकाही काढली. हे आम्ही तात्यांस सांगू लागलो, तेव्हा त्यांनी मधेच थांबविले. “म्हणजे वापसा आल्यावर केणी मारायची. त्यात काय?” बैलांच्या केणीने त्यांनी जन्मभर शेताचे उंचवटे सखल जागी नेले आहेत. वापशाला पेरणी होते हे आम्हांसही ठाऊक होते. रस्त्यालाही वापसा असतो, हे सुचले नव्हते.

तेव्हापासून पाते तिरके असते, अधांतरी असते, आणि पाऊस थांबल्याबरोबर आम्ही ट्रॅक्टरकडे धावत नाही. राडीचा पातळ थर राहतो. पाहुणे नाके मुरडतात. गेल्या पावसाळ्यात आईला तपासणीस न्यावयाची गाडी अंगणापर्यंत आली.

बांधाचा मुरूम परत आणणे राहिले होते. वैशाखात आम्ही घमेले व फावडे घेऊन रोज सकाळी ते काम करीत असू, आणि आई काठी टेकून ओट्यावर बसून घमेली मोजीत असे. त्याच आठवड्यात पुतण्याचा दूरध्वनी आला. त्याच्याकडचे बर्फ सरले होते व तो दाताळ्याने गवतातील खडी ओढून परत वाटेवर टाकीत होता.

“किती घमेली झाली रे?” आईने विचारले.

“अकरा, आजी.”

“आमची एकोणतीस,” आई म्हणाली, व आमच्याकडे पाहून तिने पदर तोंडाला लावला.