ऑक्टोबरातला ताळेबंद

पाण्याचा ताळेबंद ऑक्टोबरातच मांडायचा, यावर मी हटून बसते. परतीचा पाऊस ओसरलेला असतो, विहिरींची पातळी वर्षातली सगळ्यात वरची असते आणि उन्हाळ कांद्याचं बी अजून डब्यात किंवा नुकतंच गादीवाफ्यावर पडलेलं असतं. डिसेंबर उजाडला की रोप वावरात जातं. मग आकडे कितीही खरे असोत, ते ऐकून कोणी लावलेला कांदा उपटत नाही, आणि उपटावा असं मीही म्हणणार नाही. त्या रोपात घरचे पैसे गुंतलेले असतात.

पुरंदर-बारामतीच्या जिरायत पट्ट्यात मी गावांबरोबर हे काम करते. सुरुवात विहिरींच्या मापानं होते. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर एक जागा लाल रंगानं पक्की केलेली असते. माप दरवेळी तिथूनच घ्यायचं, नाहीतर दोन माणसांची मापं जुळत नाहीत. टेपच्या टोकाला वजन बांधायचं, शेवटच्या मीटरभर पट्टीला खडू फासायचा आणि टेप हळूहळू सोडायचा. वजन पाण्याला टेकल्याचा आवाज आला की आणखी थोडा सोडून कठड्यावरचा आकडा वाचायचा, मग वर ओढून खडू कुठपर्यंत भिजला ते पाहायचं. दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे कठड्यापासून पाण्यापर्यंतची खोली. माप मोटार सुरू होण्याआधी घ्यावं लागतं. उपसा चालू असताना किंवा नुकता थांबला असताना विहिरीतली पातळी आजूबाजूच्या खडकातल्या पातळीपेक्षा खाली असते, तो आकडा फसवा. म्हणून थ्री-फेज वीज रात्रीची आहे की दिवसाची, हे आधी वायरमनला विचारून मगच दिवस ठरवायचा.

चार-पाच पोरंपोरी आणि बचत गटातल्या बायका दोन-तीन दिवसांत शिवारातल्या निवडक विहिरी मोजतात. मग ते आकडे गावाच्या नकाशावर चढतात. माझ्या मते सगळ्या कामातला सगळ्यात मोलाचा क्षण हाच. ‘माझी विहीर’ म्हणून ओळखीचं असलेलं पाणी तिथं पहिल्यांदा सलग दिसतं. ओढ्याच्या अलीकडची आणि पलीकडची विहीर एका पातळीला उभी असते. वरच्या आळीतल्या बोअरचा उपसा वाढला की खालच्या तीन विहिरी एकदम खाली जातात. आपल्या काळ्या पाषाणात पाणी मावतं ते भेगांत, मुरमात आणि सच्छिद्र मांजऱ्या खडकाच्या थरात, तेही थोडंच. एकाच परातीत जेवायला बसलेल्या माणसांसारख्या या विहिरी असतात. फरक इतकाच, की परातीत किती उरलं ते एकालाही दिसत नाही.

मग हिशोब. उदाहरणाला गाव १,००० हेक्टरचं आणि पाऊस ४५० मिलिमीटर धरू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी १० घनमीटर पाणी. म्हणजे गावावर पडलं ४५ लाख घनमीटर, आमच्या बोलीत ४,५०० टीसीएम (हजार घनमीटर). त्यातलं बरंचसं उडून जातं, पिकं आणि माती पितात, काही ओढ्यानं वाहून जातं. आपल्या खडकात साधारण दहावा हिस्सा मुरला असं धरलं तर हाती येतं ४५० टीसीएम. १,५०० माणसांना रोज माणशी ५५ लिटर दिलं तर वर्षाला लागतात जेमतेम ३० टीसीएम. ८०० मोठ्या जनावरांना १५. उरले ४०० च्या आसपास. एवढ्यात हरभरा दोन पाळ्यांवर घेतला तर अडीचशे हेक्टरांच्या पुढं जातो. कांदा घेतला तर साठ-सत्तर हेक्टर. ऊस घेतला तर वीस हेक्टरांत सगळं संपतं.

हे फळ्यावर मांडलं की सभा गप्प होते. पिण्याच्या पाण्याची टंचाई हा पिण्याच्या पाण्याचा प्रश्न नाही, हे त्या ३० च्या आकड्यातून दिसतं. मार्चमध्ये टँकर येतो तो ऑक्टोबरात पेरलेल्या निर्णयामुळं. मधले पाच महिने जमिनीखालून काहीच कळत नाही. उपसा सुरू असतो, मोटार पाणी देत असते, आणि ज्या दिवशी विहीर तळ दाखवते त्या दिवशी बातमी वर येते. तोवर पीक ऐन भरात असतं. मग कर्ज काढून आडवं बोअर मारणं किंवा विहीर आणखी खोल करणं, एवढंच सुचतं. एकानं खोल केली की शेजाऱ्यालाही करावीच लागते.

१९७२ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. त्याच वर्षी अमेरिकेत डोनेला मेडोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं ‘लिमिट्स टू ग्रोथ’ प्रसिद्ध झालं. मेडोजबाईंनी पुढं एक विचार मांडला, तो मला या कामात सतत उपयोगी पडतो. एखादी व्यवस्था बदलायची तर अनुदानं आणि आकडे कमी-जास्त करण्यानं फार थोडं बदलतं. माहिती कोणाला, कधी मिळते, नियम कोण ठरवतं आणि सगळं कशासाठी चाललंय, तिथं हात घातला तर बरंच बदलतं.

आपल्याकडं याचा पुरावा डोळ्यांसमोर आहे. शेततळं मुळात पावसाचं वाहतं पाणी अडवण्यासाठी. पण कित्येक ठिकाणी ते प्लॅस्टिकचा कागद अंथरून विहिरीच्या, बोअरच्या पाण्यानं भरलं जातं. सावलीतलं, खडकातलं पाणी उपसून उन्हात ठेवायचं. एप्रिल-मेमध्ये उघड्या पाण्याचा रोज सहा-सात मिलिमीटरचा थर उडतो. ३० बाय ३० मीटरचं तळं काठोकाठ असेल तर दिवसाला पाच हजार लिटरच्या वर गेलं. ज्यानं तळं बांधलं त्याचं डाळिंब जगतं, हे खरं आहे आणि त्याची गरजही खरी आहे. पण परातीतलं त्यानं आपल्या ताटात आधी वाढून घेतलेलं असतं. ठिबकचंही तसंच. ठिबकनं एकरी पाणी वाचतं यात शंका नाही. मात्र वाचलेल्या पाण्यावर दुसरा एकर भिजला की गावाच्या खात्यात काहीच शिल्लक राहत नाही. मी ठिबकच्या विरोधात नाही. ठिबकबरोबर क्षेत्राचाही ठराव व्हावा, एवढंच माझं म्हणणं.

हा ठराव होऊ शकतो, हे पुरंदरच्याच नायगावानं दाखवलं. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथं पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाणी जमिनीच्या मापानं न देता माणसांच्या मोजणीनं: माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनांनाही हक्क. उसाला नाही. हिवरे बाजारला पोपटराव पवारांच्या पुढाकारानं गाव दरवर्षी पावसाचं माप पाहून पिकं ठरवतं आणि शेतीसाठी बोअर घेत नाही. दोन्हीकडं बंधारे आणि चर खणले गेलेच, पण मला थोर वाटतो तो नियम. बंधारा जेसीबी लावून महिन्यात होतो. नियम दरवर्षी पुन्हा एकमेकांच्या तोंडावर बोलून टिकवावा लागतो.

गेल्या ऑक्टोबरात एका सभेत एक बागायतदार अण्णा म्हणाले, “ताई, विहीर माझी, बिल मी भरतो, कर्ज माझ्या डोक्यावर. गावानं मला कांदा किती लावायचा ते का सांगावं?” प्रश्न रास्त होता. मी उत्तर दिलं नाही, कारण ते माझं काम नव्हे. मागून मजुरीला जाणाऱ्या एक मावशी उठल्या. “अण्णा, तुमची विहीर आटली की तुम्ही टँकर घेता. आमचा नळ आटतो तेव्हा माझ्या सुनेची मजुरी बुडते, ती दिवसभर हंडा घेऊन बसते. तेवढं वहीत धरा.” वहीत ती नोंद कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. आम्ही नवा रकाना आखला. त्या दिवशी कांद्याचं क्षेत्र ठरलं नाही. आठ दिवसांनी पुन्हा बैठक झाली, अण्णांनी कांदा निम्म्यावर आणून उरलेल्या रानात हरभरा घ्यायचं कबूल केलं, आणि भाव पडला तर कोण भरून देणार हे मात्र कोणीच सांगू शकलं नाही. या प्रश्नाचं उत्तर गावाच्या शिवारात नाही. ते बाजारात आणि धोरणात आहे, आणि तिथं आमचा टेप पोचत नाही.

यंदा मी आणखी एक गोष्ट लावून धरली आहे. वरच्या गावानं ओढ्यावर बंधारे साखळीनं बांधले, त्यांच्या विहिरी वाढल्या. खालच्या गावचा ओढा पूर्वीपेक्षा लवकर आटतो, असं तिथले लोक सांगतात. ते कितपत बंधाऱ्यांमुळं आणि कितपत त्यांच्याच उपशामुळं, हे दोन्हीकडच्या विहिरी एकाच आठवड्यात मोजल्याशिवाय कळणार नाही. दोन्ही सरपंचांना निरोप दिले आहेत. वरच्या गावचे म्हणतात, मोजू, पण सभा आमच्या चावडीत. खालचे म्हणतात, ओढ्यावरच्या मारुतीपाशी. मी दोन जास्तीचे टेप मागवून ठेवले आहेत.