वाशिमच्या नाक्यावर एक फाळका

अकोल्याहून वाशिमकडे निघाले की पातूरनंतर घाट लागतो. घाट चढून मेडशी, पुढे मालेगाव आणि मग वाशिम. साधारण ८० किलोमीटरची ही वाट. दिवाळीच्या आगेमागे या वाटेने गेलात तर एस.टी.च्या पुढे सोयाबीनचे कट्टे भरलेल्या गाड्यांची रांग असते. एस.टी. हळू झाली की समोर दिसतो तो पुढच्या गाडीचा फाळका. फाळका म्हणजे हौद्याची मागची, खाली पडणारी बाजू. कुणाचा साखळीवर लोंबतो, कुणाचा सुतळीने बांधलेला असतो, तर कुणी फाळक्याच्या जागी दोन फळ्या ठोकून वेळ निभावलेली असते.

वाशिमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. याच शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरवून घेतले. तिथल्या शिलालेखात तसे नोंदलेले आहे. आज मात्र बाहेरून येणाऱ्याला वाशिमची पहिली ओळख होते ती नाक्यांवरून. अकोला नाका, पुसद नाका, हिंगोली नाका. नाका म्हटला की पंक्चर, लेथ, वेल्डिंग, बॉडीकाम आणि भंगार हे सगळे आलेच. मोठा कारखाना नसलेल्या जिल्ह्यात लोखंडाचे काम शिकायची हीच शाळा. इथे पोरगा बाराव्या वर्षी चहा आणायला येतो आणि विसाव्या वर्षी होल्डर हातात धरतो. हे चांगले की वाईट, यावर पुष्कळ बोलता येईल. पोराने आधी दहावी करावी असे मला वाटते.

माझी थोरली बहीण मालेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. शेत नाही. मेव्हण्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधावर काम केले आणि उतारवयात एक जुनी टाटामोबाईल पिकअप घेतली. टेल्कोने १९८६ मध्ये ४०७ आणि १९८८ मध्ये ही टाटामोबाईल बाजारात आणली. त्याआधी आपल्याकडे छोट्या मालाला पुण्याच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर, नाहीतर बैलगाडी. मेव्हण्यांच्या गाडीचा नंबर एमएच ३० चा, म्हणजे अकोल्याचा. १ जुलै १९९८ ला वाशिम वेगळा जिल्हा झाला आणि पुढे त्याचा क्रमांक एमएच ३७ ठरला. गाडी जिल्ह्यापेक्षा जुनी आहे, असे भाचा मोठ्या ऐटीत सांगतो.

मेव्हणे गेले. आता भाचा गाडी चालवतो. खरिपात कट्टे, उन्हाळ्यात विटा, लग्नसराईत मंडपाचे सामान. १४ एप्रिलला गावच्या मिरवणुकीत बाबासाहेबांची प्रतिमा याच गाडीवर असते. फाळका खाली सोडून त्यावर चादर अंथरली की पुढे फुले ठेवायला जागा होते. त्या दिवशी भाचा भाडे घेत नाही.

यंदा हा फाळका गेला. खालची कड बोटाने दाबली तर पत्र्याचा भुगा पडायचा. एक बिजागरी तुटलेली, दुसरी तारेवर. गाडीच्या फिटनेसची तारीख महिन्यावर आलेली. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी फिटनेस करावे लागते, आणि १५ वर्षांवरच्या गाड्यांची फी १ एप्रिल २०२२ पासून खूपच वाढली आहे. एका फायनान्स कंपनीचा माणूस घरी दोनदा येऊन गेला. जुनी देऊन टाका, नवी न्या, बाकीचे हप्ते. भाच्याचे मन डळमळले होते. त्याने मला बोलावून घेतले ते यासाठी.

ताई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, “भाऊ, हप्ता पाऊस नाई पाहत, तारीख पाहते. याले फाळका करून दे, गाडी नाई.”

भाच्याजवळ चार हजार होते. तेवढ्यातच बसवायचे असे ठरले.

फाळका उन्हापावसाने सडतो असे आपण म्हणतो, पण मिस्त्रीने तो उलटा करून दाखवला तेव्हा खरे कारण दिसले. पत्र्याच्या खालच्या घडीत पाणी निघायला भोके असतात. ती भोके माती, भुसा आणि खताने गच्च भरलेली होती. युरियाचे पोते फुटले की दाणे घडीत जातात, ओल धरून ठेवतात आणि पत्रा आतून खातात. वरून रंग शाबूत, आत पोकळ. गाडी धुताना खराट्याची एक काडी त्या भोकांतून फिरवली असती तर हा पत्रा आणखी काही वर्षे सहज निघाला असता.

नवा फाळका विकत मिळतो का, तेही पाहिले. या गाडीचा मिळाला नाही. भंगारात एक होता, पण दुसऱ्या गाडीचा आणि चार बोटे आखूड. मिस्त्री म्हणाला, “जोड देता येते भाऊ, पण जोडाच्या मजुरीत नवा पत्रा येते.” मग बिजागऱ्या आणि कड्या तेवढ्या भंगारातून घेतल्या. भंगारात लोखंड किलोवर तोलतात, त्यामुळे जाड, मजबूत कडीसुद्धा स्वस्तात पडते. आडव्या पट्ट्यांसाठी एका मोडक्या लोखंडी पलंगाचे अँगल मिळाले.

पत्र्यावरून मात्र थोडा वाद झाला. भाच्याने घरून पन्हाळी पत्र्याचा तुकडा आणला होता. मिस्त्रीने तो बाजूला ठेवला. एक तर तो पातळ, आणि वर जस्ताचा थर. त्यावर वेल्डिंग केले की पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. मग काळा पत्रा घ्यायचा ठरले. आठ बाय चार फुटांचा १६ गेजचा पूर्ण पत्रा साधारण ३७ किलो भरतो. आपल्याला घडीसकट पाच बाय दोन फूट पुरे, म्हणजे बारा किलोच्या आत. १८ गेजचा घेतला तर तीनेक किलो वाचतात, म्हणजे दोन-अडीचशे रुपये. पण २० कट्टे म्हणजे एक टन माल. घाटात चढावर त्यातल्या मागच्या ओळींचा रेटा फाळक्यावर येतो. १६ गेजच घेतला.

काम दीड दिवसाचे झाले. बिजागरीच्या गंजलेल्या खिट्या निघेनात, म्हणून त्यांच्यावर रात्रभर डिझेल सोडून ठेवले आणि सकाळी हातोड्याच्या दोन ठोक्यांत निघाल्या. जुन्या फाळक्यावरून माप घ्यायचे नाही, हे मिस्त्रीचे पहिले सांगणे. वर्षानुवर्षे भार सोसून हौदा फाकलेला असतो. त्याने दोरी घेऊन हौद्याच्या तोंडाचे दोन्ही कर्ण मोजले. फरक अर्ध्या इंचाचा निघाला. आधी साखळी-पुलीने बाजू आत ओढली, कर्ण जुळवले आणि मग पत्रा कापला. कडा मशीनवर वाकवून घेतल्या. सपाट पत्रा कितीही जाड असला तरी लपलपतो. घडी पडली की तोच ताठ होतो.

वेल्डिंग एका दमात ओढले तर पत्रा तापून पापडासारखा वाकतो. म्हणून एक टाका या टोकाला, एक त्या टोकाला, मग मधे, असे टाके मारत गेला. खालची घडी पूर्ण बंद केली नाही. पाण्यासाठी पाच भोके ठेवली, पूर्वीपेक्षा मोठी. घडी बंद होण्याआधी आतून लाल ऑक्साइड लावला. हा हात पुष्कळ ठिकाणी चुकवतात, कारण तो कुणाला दिसत नाही. बिजागरीचे कान गाडीवरच जोडायचे होते, तेव्हा मिस्त्रीने सगळ्यात आधी बॅटरीची वायर सोडवली.

साखळ्या जुन्याच बसवल्या, फक्त दोन्ही सारख्या लांबीच्या केल्या. एक जरी लांब राहिली तरी सगळा भार दुसरीवर येतो आणि फाळका पिळतो. त्यांच्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चढवले, म्हणजे खडखड होत नाही आणि रंगही खरवडत नाही. त्या ट्यूबचे पैसे पंक्चरवाल्याने घेतले नाहीत.

रंगाऱ्याने विचारले, मागे काय लिहू? ‘हॉर्न ओके प्लीज’ला महाराष्ट्रात २०१५ पासून बंदी आहे, हे त्यालाच ठाऊक होते. भाच्याला वाघ हवा होता. ताईने फोनवर सांगितले, नंबर मोठा लिहा, त्याच्यावर ‘जय भीम’, आणि बाकी काही नको. खाली नियमाप्रमाणे लाल चमकपट्टी लावली. सगळे मिळून तीन हजार आठशे झाले.

कधीकाळी अशा गाड्यांच्या हौद्यात बसून आपली माणसे नागपूरला दीक्षाभूमीवर जात. माल वाहायच्या गाडीत माणसे नेणे कायद्यात बसत नाही, आणि त्या दिवशी तो सडका फाळका हातात घेऊन पाहिल्यावर तो कायदा कुणाच्या भल्यासाठी आहे हे सांगावे लागत नाही. भाच्याला मी तेवढे बजावले. आता तर समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव तालुक्यांतून गेला आहे. त्यावर ट्रॅक्टरला आणि तीनचाकीला मज्जाव, पण पिकअप चालते. त्या वेगात मागून एक कट्टा जरी सुटला तरी पाठीमागच्याचा जीव जाईल.

फिटनेस मिळाले. दुसऱ्याच दिवशी गावातल्या एका शेतकऱ्याचे २० कट्टे भरून गाडी वाशिमच्या बाजार समितीत गेली. ताई भाच्याशेजारी पुढे बसली होती. काटा होईपर्यंत ती खाली उतरून फाळक्यापाशी उभी राहिली, आणि हमालाने कडी काढायला हात घातला तेव्हा त्याला म्हणाली, “आस्ते सोड बावा, नवा हाय.”