पाट, वाल आणि नातवाची सायकल

जून २०२४ मधली गोष्ट. म्युनिकहून लेकीचा फोन आला, तोही भलत्या वेळी, त्यामुळे उचलतानाच पोटात गोळा आला. नातू सायकलवरून पडला होता. कॉलरबोन मोडली. "आई, सप्टेंबरमध्ये तू येतेच आहेस. तुझं तो ऐकतो. त्याला ती डोंगरातली सायकल बंद करायला सांग."

मी हो म्हटलं. तेहेतीस वर्षं शाळेत शिकवलं, मुलांना 'हे करू नका' सांगायची सवय हाडात मुरलेली. त्यात काय अवघड?

खरं सांगायचं तर माउंटन बाइक म्हणजे नक्की काय, हेच मला ठाऊक नव्हतं. आमच्या सोसायटीतली मुलं जाड टायरच्या, गिअरच्या सायकली फिरवतात, तसलंच काहीतरी असेल असं वाटायचं. नातवानं प्लॅस्टर नसलेल्या पण झोळीत बांधलेल्या हातानं व्हिडिओ कॉलवर माझी शिकवणी घेतली. पुढच्या-मागच्या चाकांना धक्के शोषणारे दांडे, डिस्क ब्रेक, आणि हँडलवरचं बटण दाबून वर-खाली होणारी सीट. उतारावर सीट खाली घ्यायची, म्हणजे अंग मागे नेता येतं. हा खेळ सुरू झाला तो कॅलिफोर्नियात. १९७६ साली काही पोरांनी जुन्या जड सायकली डोंगराच्या कच्च्या रस्त्यावरून खाली सोडायच्या शर्यती लावल्या. मागच्या चाकातला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं, आणि प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावं लागायचं. म्हणून त्या उताराचं नावच 'रिपॅक' पडलं. हे ऐकून मला आमच्या गावचा सायकल दुरुस्तीवाला आठवला. तो असता तर त्यानं त्या पोरांना दुकानात पाऊल ठेवू दिलं नसतं.

असो. सप्टेंबरअखेर मी पोचले आणि आठवडाभरात आम्ही सगळे गाडीनं निघालो फिन्शगाऊला. हे आल्प्समधलं आडिजे नदीचं खोरं. आहे इटलीत, पण लोक बोलतात जर्मन, कारण पहिल्या महायुद्धाआधी हा सगळा ऑस्ट्रियाचा मुलूख होता. रेशन खिंड ओलांडली की लगेच एक मोठा जलाशय लागतो आणि त्यात चर्चचा मनोरा उभा. १९५० साली धरणात गाव बुडालं, चौदाव्या शतकातला मनोरा तेवढा राहिला. लोक फोटो काढत होते. मला उजनीतलं पळसदेवचं देऊळ आठवलं. फोटो काढावासा वाटला नाही.

खोऱ्यात खाली उतरलो तर जिकडे तिकडे सफरचंदं. तोडणीचे दिवस होते, ट्रॅक्टरमागे खोक्यांच्या रांगा. नदीच्या दोन बाजूंना दोन वेगळेच डोंगर. दक्षिणेकडचा सावलीतला, काळ्याशार झाडीचा. उत्तरेकडचा उन्हातला, पिवळ्या गवताचा, उघडाबोडका. आल्प्समध्ये असा डोंगर? जावई म्हणाले, चहूबाजूंच्या उंच शिखरांनी ढग अडतात, इथे वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणूनच या उन्हाच्या बाजूच्या वाटा लवकर वाळतात आणि इतर डोंगर बर्फाखाली असतात तेव्हाही इथे सायकलवाले येतात.

पाचशे मिलिमीटर म्हटल्यावर मी विचारलं, मग एवढ्या बागांना पाणी कुठून?

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी मिळालं. लाट्श गावाजवळ नातू मला एका वाटेवर घेऊन गेला. वाटेशेजारी हातभर रुंदीचा ओहोळ डोंगराला धरून वाहत होता, कुठे दगडात कोरलेला, कुठे लाकडी पन्हळीतून. याला इकडे 'वाल' म्हणतात. वरच्या हिमनद्यांचं, ओढ्यांचं पाणी शेकडो वर्षं असंच शेतांपर्यंत आणलेलं. पाण्याची राखण करणारा तो 'वालर'. पाटाकडेची वाट मुळात त्याच्यासाठी. काही ठिकाणी पाण्यात एक छोटं चाक बसवलेलं असतं. ते फिरलं की हातोडी घंटेवर पडते. घंटा वाजतेय तोवर पाणी वाहतंय. थांबली की वालरनं उठायचं आणि कुठे फुटलं ते शोधत निघायचं.

मी तिथेच दगडावर बसले. नातवाला वाटलं, दम लागला.

माझे वडील, आप्पा, पाटकरी होते. साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी आमचं गाव. तिथे फड पद्धत होती. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली सगळ्यांच्या जमिनीचे मिळून फड, एका फडात एकच पीक. कुणाला किती पाणी, कधी, हे गाव ठरवायचं आणि पाटकरी सोडायचा. मोबदला धान्यात. आप्पांकडे घंटा नव्हती. ते रात्री कंदील घेऊन काठानं चालायचे, नुसत्या आवाजावरून त्यांना कळायचं की खेकड्यांनी कुठे भोक पाडलंय. अहिराणीत म्हणायचे, "पानीले वाट दे, नहीते ते तुनी वाट लई जाई." पुढे विहिरी आल्या, वरच्या अंगाला धरणं आली आणि पाटाचा जीव गेला. मी बी.ए. होऊन मास्तरीण झाले, भाऊ नाशिकला गेला. पाटावर कुणीच उरलं नाही. फिन्शगाऊत अशा पाटांवर अजून पाणी चालतं. २०२३ साली युनेस्कोनं युरोपातल्या सात देशांच्या या पारंपरिक सिंचनाची वारसा म्हणून नोंद केली. आनंद झाला, आणि थोडा हेवाही वाटला. लपवत नाही.

आप्पांची एक काळी उंच सायकल होती. बारा वर्षांची असताना, म्हणजे १९६२ साली, दांड्यामधून पाय घालून मी ती शिकले. पाटाच्या काठानं चालवायची. एके दिवशी चाकाकडे बघायचं सोडून पाण्याकडे बघत राहिले आणि सायकलसकट पाटात. मनगट मोडलं. हाडवैद्यानं बसवलं ते जरा वाकडंच. आप्पा रागावले नाहीत. सायकलला साखळी घातली, किल्ली कमरेला लावली आणि म्हणाले, पोरीला सायकल नको. विषय संपला. पुढे शाळा तीन किलोमीटरवर होती. बरोबरचे गुरुजी सायकलवरून जायचे, मी पायी. आप्पा गेल्यावरही मी कधी सायकलला हात लावला नाही. कुणी अडवलं नव्हतं तरी.

नातवाला हे कधीच सांगितलं नव्हतं. तिथे दगडावर बसून सांगितलं. तो माझं मनगट हातात घेऊन बघत राहिला. मग म्हणाला, "आजी, जिकडे बघशील तिकडे सायकल जाते. दगडाकडे बघितलं की दगडावरच. मी पण तसाच पडलो."

बहुतेक वालांच्या काठी सायकलला मनाई आहे. वाट अरुंद, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कडा, आणि चालणाऱ्यांची गर्दी. सायकलींच्या वाटा वेगळ्या आखल्यात. काही जुन्या खेचरांच्या वाटा, काही मुद्दाम बांधलेल्या. जिथे वाट दोघांची आहे तिथे चालणाऱ्याचा मान पहिला. सायकलवाला वेग कमी करतो, थांबतो, नमस्कार करतो. आम्ही खिंडीकडे येताना ऑस्ट्रियातून आलो, तिथे तर १९७५ च्या कायद्यानं जंगलात कुणीही पायी फिरू शकतं, पण सायकलला मालकाची परवानगी लागते. नागरिकशास्त्र शिकवलेलं असल्यामुळे मला अशा गोष्टींत फार रस. लेक म्हणाली, "आई, आता कायदे पुरेत."

तिसऱ्या दिवशी मी आणि नातू लाट्शहून रोपवेनं सांक्ट मार्टिनला गेलो. खाली ६४० मीटर, वर १७४० च्या आसपास. म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा थोडं उंचच. पाळण्यात आमच्याबरोबर चिखलानं माखलेल्या चार सायकली आणि एक प्रार्थनेला निघालेल्या आजीबाई. कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं.

आदल्या रात्री वळवासारखी सर येऊन गेली होती. उताराची सुरुवात नातू सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालला. वाटेत समजावत होता. वाटेचा उतार डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त ठेवायचा नाही, नाहीतर पाणी बाहेर जात नाही, वाटेवरूनच पळतं. वाट दरीकडे किंचित कललेली ठेवायची. आणि मागचं चाक कधी जाम करून घसरत जायचं नाही. चर पडतो, चरातून पाणी वाहतं, दोन पावसांत वाट जाते. म्युनिकजवळ तो आणि त्याचे मित्र सुट्टीच्या दिवशी फावडी घेऊन वाट दुरुस्त करायला जातात म्हणे. घरी हे कुणाला माहीत नव्हतं. घरी फक्त क्ष-किरणाचा फोटो पोचला होता.

एका वळणावर पाण्याच्या निकासाचं तोंड पानं आणि दगडांनी बुजलं होतं, तळं साचलेलं. त्यानं सायकल झाडाला टेकवली आणि हातानं, बुटाच्या टाचेनं गाळ काढायला लागला. मी बघत होते. राहवलं नाही.

"अरे, असं सरळ नको काढूस. पाणी येतं तिकडून तिरकं घे. काटकोनात पाणी वळत नाही, गाळ टाकून थांबतं."

त्यानं वर बघितलं. मग दोन दगड हलवले, तोंड तिरकं केलं. पाणी क्षणभर गोल फिरलं आणि गेलं दरीकडे, आवाज करत. तो खूश होऊन हसला आणि मला एकदम आप्पांचे दात दिसले.

मग त्यानं हेल्मेट चढवलं, सीट खाली घेतली, "खाली भेटू" म्हणाला आणि निघाला. पहिल्या वळणापर्यंत दिसला. पुढे फक्त टायरचा आवाज, मग तोही नाही. मी चढून रोपवेपाशी आले. खाली येईपर्यंत देवाचं नाव घेत होते, खोटं कशाला बोलू. हात गार पडले होते. स्टेशनाबाहेर पाऊण तास उभी होते. तो आला तेव्हा भुवयांपर्यंत चिखल होता, हाडं सगळी जागेवर.

रात्री लेकीनं विचारलं, "सांगितलंस ना?"

"सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"पाण्याला तोंड तिरकं द्यायला."

तिनं माझ्याकडे बघितलं, ताटं उचलली. तिचं चुकतंय असं मला आजही म्हणता येत नाही. जूनमध्ये हॉस्पिटलात ती बसली होती, मी धुळ्यात होते. परतीच्या वाटेवर खिंड ओलांडून लांडेक येईपर्यंत ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. तिथे पेट्रोलपंपावर गाडी थांबली, तेव्हा काच खाली करून म्हणाली, "चहा मिळत नाही इथे चांगला. कॉफी घेशील?"