ठणका, कळ आणि चमक

परिषद म्हटली की आम्हा दोघांच्या डोळ्यांपुढे येतो तो गळ्यातला बिल्ला, हातातली बेचव कॉफी आणि पडद्यावर कुणाच्या तरी नव्या यंत्राच्या स्लाइड्स. इंजिनिअरिंगच्या अशा बऱ्याच परिषदा आम्ही झेलल्या आहेत. पण गेल्या ऑक्टोबरात ज्या परिषदेला गेलो ती डॉक्टर आणि नर्स मंडळींची होती, आणि विषय होता 'पॅलिएटिव्ह केअरमधलं सहकार्य'. आमचं तिथे काय काम? तर २०१९ साली आमच्या नानांची शेवटचे चार महिने ज्यांनी देखभाल केली, त्या टीममधल्या सोशल वर्कर बाईंनी आम्हाला 'कुटुंबाची बाजू' मांडायला बोलावलं होतं. वेळ पंधरा मिनिटं. गणपतीतलं आभारप्रदर्शन सोडलं तर आम्ही माईकपुढे कधी उभे राहिलेलो नाही, पण त्या बाईंना नाही म्हणवेना.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू या, कारण आपल्या मंडळींत तो फार आहे. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे रोग्याचं दुखणं, धाप, मळमळ आणि मनाचा घोर हलका करणारी सेवा. ती पहिल्या दिवसापासून, केमोथेरपी चालू असतानाही घेता येते. हॉस्पिस हा त्यातलाच शेवटचा टप्पा. रोग आपल्या गतीने गेला तर सहा महिन्यांहून जास्त आयुष्य दिसत नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलं, आणि रोग बरा करण्याचे उपचार थांबवायचं रोग्याने ठरवलं, की मेडिकेअरमधून हॉस्पिस मिळतं. ते बहुधा घरीच असतं. नर्स ठरलेल्या दिवशी येते, रात्री-अपरात्री फोनवर भेटते. औषधं, पलंग, ऑक्सिजन तेच पाठवतात. मात्र चोवीस तास कुणी उशाशी बसत नाही. ते घरच्यांनाच करावं लागतं, आणि इथेच आपल्यासारख्या दोघंही नोकरी करणाऱ्या घरांची खरी परीक्षा असते.

पहिल्या व्याख्यानात डेम सिसिली सॉन्डर्स यांची गोष्ट ऐकली. या बाई आधी नर्स, मग हॉस्पिटलातल्या सोशल वर्कर, आणि शेवटी १९५७ साली डॉक्टर झाल्या. म्हणजे सहकार्य त्यांच्या एकटीच्या अंगातच होतं म्हणा ना! १९६७ साली लंडनमध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. त्याचं बीज मात्र १९४८ सालचं. डेव्हिड टास्मा नावाचा एक पोलिश ज्यू निर्वासित लंडनच्या हॉस्पिटलात कॅन्सरने शेवटचे दिवस मोजत होता. परका देश आणि जवळचं कुणी नाही. सॉन्डर्सबाई त्याच्याशी बोलत बसायच्या. जाताना त्याने त्यांच्या भावी घराच्या एका खिडकीसाठी म्हणून ५०० पौंड ठेवले. हे ऐकताना आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ही सगळी चळवळ एका स्थलांतरिताच्या एकटेपणातून निघाली, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

दुपारी गोल टेबलांवर बसवलं. प्रत्येक टेबलावर एक डॉक्टर, एक नर्स, सोशल वर्कर, फार्मासिस्ट, चॅप्लेन, एक स्वयंसेवक आणि एक कुटुंबीय. एका काल्पनिक रोग्याची माहिती देऊन प्रत्येकाला कार्डावर लिहायला सांगितलं : या माणसाची मुख्य अडचण काय? आमच्या टेबलावर सात कार्डांवर सात उत्तरं निघाली. कुणी धाप लिहिली, कुणी पैसा, कुणी मुलाशी असलेला अबोला. चुकीचं एकही नव्हतं. आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षीच शिकवतात : यंत्र बिघडतं ते बहुतेक वेळा सुट्या भागांत नाही, जोडांवर. पाइप उत्तम, व्हॉल्व्ह उत्तम, गळती दोहोंच्या मध्ये. ती सात कार्डं पाहून वाटलं, इथेही तसंच आहे.

आमच्या पंधरा मिनिटांत आम्ही अशाच एका जोडाबद्दल बोललो. तो म्हणजे भाषा.

नाना कोरेगावचे. सारा जन्म मराठीत गेलेला. निदान झालं त्या हॉस्पिटलात (नाव कशाला घ्या) दुभाष्या मागितला तर फोनवर हिंदीचा दिला, कारण 'इंडियन' म्हणजे हिंदी. नानांनी आपल्या हिंदीत सांगितलं, "रात को कळ आती है." पलीकडच्या गृहस्थांनी ऐकलं 'कल'. डॉक्टरांपर्यंत पोचलं ते असं, की रोगी म्हणतो उद्या रात्री येईल! खोलीत आम्ही होतो म्हणून तिथल्या तिथे दुरुस्ती झाली. सभागृहात हशा पिकला, आणि मग एकदम शांत झालं.

दुसरी अडचण त्या शून्य ते दहाच्या पट्टीची. नानांना विचारलं की उत्तर एकच, "चाललंय." ज्या पिढीने दुखणं बोलून दाखवणं कमीपणाचं मानलं, ती आकडा कसा सांगणार? पण नानांकडे आकडे नव्हते तरी शब्द भरपूर होते. पाठीत ठणका असायचा, पोटात कळ यायची, पायात चमक जायची, तळव्यांची आग व्हायची. हॉस्पिसच्या नर्सबाईंनी आमच्याकडून या चार शब्दांचं कार्ड बनवून घेतलं आणि फ्रिजवर लावलं. त्या म्हणाल्या, हे आकड्यापेक्षा कामाचं आहे. चमक आणि आग हे नसांचं दुखणं असतं, त्याला औषध वेगळं लागतं. पुढे नुसतं "आज चमक" एवढं ऐकलं की त्यांना पुरायचं. ते कार्ड आम्ही परिषदेत दाखवलं, तर कितीतरी जणांनी त्याचा फोटो काढून घेतला.

मग निघाला 'सांगू नका'चा प्रश्न. तो आपल्याच घरांत असतो असं आम्हाला वाटत होतं. पण आमच्यानंतर बोललेल्या चिनी आणि मेक्सिकन कुटुंबांनीही तेच सांगितलं. नानांच्या आजारात भारतातून रोज फोन यायचे, "त्यांना कॅन्सर म्हणू नका, खचतील." नर्सबाईंनी यावर सरळ नानांनाच विचारलं : तुमच्या आजाराबद्दल किती जाणून घ्यायचंय, आणि कुणाकडून? नाना म्हणाले, "सगळं सांगा. फक्त रात्री नको, सकाळी चहानंतर सांगा." प्रश्न एवढाच होता, आणि तो विचारायचा होता ज्याचा आजार त्याला. त्यानंतर नानांनी बँकेची कागदपत्रं लावली, धाकट्या भावाशी शेताच्या बांधावरून असलेलं जुनं भांडण फोनवर मिटवलं, आणि नातीला पत्त्यांत मनसोक्त फसवलं.

दुसऱ्या दिवशीच्या एका सत्राने मात्र आमची मान ताठ झाली. विषय होता केरळ! कोझिकोडला डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी १९९३ साली पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी काढली. पुढे त्यातून गल्लीगल्लीत शिकवून तयार केलेल्या स्वयंसेवकांचं जाळं उभं राहिलं. २००८ साली केरळ सरकारने त्यासाठी धोरणही आखलं. इथले लोक वह्या काढून लिहून घेत होते. आपल्या मुंबईत बांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, हेही आम्ही चहाच्या वेळी चार लोकांना सांगून घेतलं.

असो. हे सारं आपल्या अंकात लिहिण्याचं कारण असं, की मंडळातले बरेचसे आई-वडील आता पंचाहत्तरी ओलांडताहेत, आणि त्यांच्यामागे रांगेत आपणच आहोत. तेव्हा तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

एक, कागद. आपल्याला बोलता आलं नाही तर उपचारांचा निर्णय कुणी घ्यायचा, ते प्रत्येकाने हेल्थ केअर प्रॉक्सीत लिहून ठेवावं. भारतातल्या आई-वडिलांनाही ही सोय आहे. तिथल्या सुप्रीम कोर्टाने २०१८ साली तशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ साली त्याची पद्धत बरीच सोपी केली.

दोन, मेडिकेअर. ग्रीन कार्डावर आलेल्या आणि पासष्टी उलटलेल्या आई-वडिलांना सलग पाच वर्षं इथे राहिल्यावर हप्ता भरून ते घेता येतं. नानांना त्याचाच आधार मिळाला. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना ते मिळत नाही. हा हिशेब निमंत्रण पाठवण्याआधी करावा.

तीन, माणसं. घरातल्या मुलांना दुभाषी करू नये. आजोबांची वाईट बातमी बारा वर्षांच्या नातवाच्या तोंडून जाऊ नये. हॉस्पिटलकडे मराठी दुभाष्या मागावा, मराठी असं ठणकावून सांगून. शिवाय मंडळाने एक यादी करावी : डबा कोण पोचवेल, शनिवारी दोन तास उशाशी कोण बसेल, औषधांच्या दुकानात कोण जाईल. मेडिकेअरच्या नियमाप्रमाणे हॉस्पिसच्या रुग्णसेवेचे निदान ५ टक्के तास स्वयंसेवकांकडून व्हावे लागतात. म्हणजे त्यांना माणसं हवीच असतात, आणि त्यात मराठी बोलणारी चार असली तर कुणाच्या तरी नानांची कळ 'कळ' म्हणूनच ऐकली जाईल.

यादीत पहिली दोन नावं आमची घाला. आम्हाला शनिवार सोयीचा पडतो.