पडणारा उमेदवार



आधी कबुली देतो, मग पुढचं लिहितो. माझं आयुष्यातलं पहिलं मत मी घाबरून दिलं. आपला माणूस पडणार म्हणून त्याला दिलं नाही. तो पडला. आणि मग मीच चारचौघांत म्हणालो, "बघा, सांगितलं नव्हतं?"

साल २०१७. फेब्रुवारी महिना. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीची निवडणूक. मी अठरा पुरा केलेला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सूतगिरणीत नुकताच बदली म्हणून लागलो होतो. एक खाडा पदरात घेतला, रातपाळी संपवून तसाच एसटीत बसलो. कपड्यांना कापूस चिकटलेला. फोंडाघाट उतरून मालवण तालुक्यातल्या आमच्या बौद्धवाडीत पोचलो तेव्हा काजूला मोहर होता आणि वाडीत एकच बोलणं होतं.

"आपलो काय येवचो नाय."

पंचायत समितीच्या गणात आपल्या पक्षाने एक रिक्षावाला उभा केला होता. आम्ही त्याला दादा म्हणायचो. माणूस सरळ. रात्री-अपरात्री वाडीतलं बाळंतपण असो की साप चावलेला, दादाची रिक्षा दारात. पण भाषणाला उभा राहिला की हातातला कागद थरथरायचा. पैसा नाही. गाडी नाही. पोस्टर दीडशे, तेही त्याने आणि त्याच्या बायकोने खळ लावून चिकटवलेले. समोरच्यांच्या जीपा दिवसातून चार वेळा धुरळा उडवून जायच्या.

विहाराच्या पायरीवर संध्याकाळी बैठक बसली. बैठक कसली, भीतीच वाटून घेत होतो. एक काका म्हणाले, "मत फुकट जातला." दुसरे म्हणाले, "येतलो त्याका देवया, पाण्याची लाईन तरी गावात." तिसऱ्याने हिशेब मांडला की आपण दादाला दिली तर मतं फुटतील आणि नको तोच येईल. कोणीही असं म्हणालं नाही की दादा नालायक आहे. सगळे एवढंच म्हणत होते की तो पडणार. जणू पडणं हा त्याच्या अंगातला रोग होता.

दुसऱ्या दिवशी केंद्रावर गेलो. दोन मतं द्यायची होती, एक गटाला, एक गणाला. गटात आपला कोणी नव्हताच. गणाच्या मशीनवर दादाचं नाव होतं. बोट तिथवर गेलं आणि खाली सरकलं. मशीन ओरडलं. बाहेर आलो तर दादा शंभर मीटरच्या रेषेपलीकडे उन्हात उभा. मला बघून हसला.

"इलंस? एवढ्या लांबसून मतदानाक इलंस, बरा केलंस बाबा."

मी त्याच्या हातातून पाणी घेऊन प्यालो.

मोजणी झाली. डिपॉझिट गेलं. आमच्या केंद्रावर त्याला पडलेली मतं वाडीतल्या मतदारांच्या निम्म्याहून कमी होती. म्हणजे पायरीवर बसलेले आम्ही सगळेच खाली सरकलो होतो. आठ दिवसांनी दादा आला तो बॅनरचं कापड सोडवून न्यायला. रिक्षाला पावसाळ्यात पडदा लागतो, म्हणाला. कोणाला काही विचारलं नाही त्याने.

रात्री आजीला सांगितलं. घरात दुसऱ्या कोणाला सांगायची छाती नव्हती. ती म्हणाली, "माजा मत दादाकच गेला."

"तो पडतलो ह्या तुका म्हायत नव्हता?"

"म्हायत होता. मत म्हणजे काय लॉटरेचा तिकीट हा? लागला तर घेवचा, नाय तर फाडून टाकूचा? तुझ्या पणज्याक विचार."

पणजा कुठला विचारायला. तो मुंबईच्या गिरणीत राबून मेला. आजा त्याच्याच जागी लागला आणि १९८२ च्या संपात सगळं गमावून गावी आला. पण पणज्याची गोष्ट आजीच्या तोंडी आहे. जानेवारी १९५२. पहिली लोकसभा. उत्तर मुंबईत बाबासाहेब स्वतः उभे. तो मतदारसंघ दोन जागांचा, एक सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येकाला दोन मतपत्रिका. उमेदवार तितक्या पेट्या, पेटीवर चिन्ह. फेडरेशनची युती समाजवाद्यांशी. पणज्याने एक कागद हत्तीच्या पेटीत टाकला, एक झाडाच्या.

बाबासाहेब पडले. त्यांना १,२३,५७६ मतं. काँग्रेसच्या काजरोळकरांना १,३८,१३७. फरक १४,५६१. आणि त्या निवडणुकीत बाद झालेली मतं ७४,३३३. दोन्ही कागद एकाच पेटीत टाकले की एक बाद, त्याला मत कुजवणं म्हणत. बाबासाहेब आणि अशोक मेहता त्याविरुद्ध कोर्टात गेले. अर्ज फेटाळला गेला. १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा पडले.

आता सांगा, ज्याने घटना लिहिली तो कमजोर उमेदवार होता? सोडा मुंबई. आमच्याच राजापूर मतदारसंघात मधु दंडवते १९७१ पासून निवडून येत होते, ते १९९१ ला पडले. कुडाळ-मालवणात २०१४ ला नारायण राणे पडले, ज्यांच्याकडे पैसा, गाड्या, माणसं कशाचीच वाण नव्हती. म्हणजे पडणं कोणाच्या जातीला चिकटलेलं नाही. त्यांचा पडला तर म्हणतात, वारं फिरलं. आपला पडला तर म्हणतात, होताच कमजोर. आणि हे आपणच म्हणतो, निकालाच्या आधी म्हणतो.

मतं फुटतात हा हिशेब खोटा आहे असं मी म्हणणार नाही. नको तो माणूस निवडून आला तर पहिला दगड आपल्याच वाडीवर येतो. पण त्याचं उत्तर काय? फेडरेशनने १९५७ ला संयुक्त महाराष्ट्र समितीत जायचं ठरवलं ते उघड ठरवलं. जागा मागून, बोलणी करून. त्या वेळी दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेत गेले. ती युती होती. आम्ही पायरीवर केली ती युती नव्हती. समोरच्याने काही कबूल केलं नव्हतं, आम्ही काही मागितलं नव्हतं. एकेकटे पुठ्ठ्याच्या आडोशाला गेलो आणि एकेकटे घाबरलो. पाण्याची लाईन? ज्याला दिलं त्याला ठाऊकच नव्हतं की आम्ही दिलंय. तो आमच्याकडे कशाला बघेल?

आणि दादाला कमजोर केला कोणी? चार गटांत भांडत बसायचं, फॉर्म भरायच्या आदल्या रात्री कोणालातरी घोड्यावर बसवायचं, खिशात हात घालायचा नाही, मग पंधरा दिवसांनी म्हणायचं, घोडा लंगडा. गिरणीत मी साच्यावर उभा असतो. धागा तुटला की ज्याची बाजू त्याने जोडायचा. सूत कच्चं होतं म्हणून हात बांधून उभं राहिलं तर मुकादम हाकलतो. पक्षात मात्र हात बांधून उभं राहणाऱ्यालाच आपण शहाणा म्हणतो.

पणज्याचे दोन कागद मोजले गेले. १,२३,५७६ मध्ये त्याचा एक आकडा आहे. कोणी पुसू शकत नाही. दादाच्या मतांत माझा आकडा नाही. तोही कोणी आता घालू शकत नाही.

मागच्या सुट्टीत दादाच्या रिक्षात बसलो. रिक्षा जुनी झालीय, माणूसही. कट्ट्याच्या चढावर बोलून टाकलं, "दादा, २०१७ ला मी तुका मत दिलंय नाय." त्याने गिअर टाकला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "म्हायत हा. केंद्रावरचो आकडो मी घराघरान मोजलंय. फक्त तुझ्या आजयेचा घर माका लागला नाय, एक मत जास्त येय होता."

मी गप्प बसलो. उतरताना भाडं दिलं, त्याने घेतलं नाही. जबरदस्तीने दिलं. म्हटलं, पुढच्या फॉर्मच्या डिपॉझिटात धर.