आत्याची जर्मन बाहुली

गेल्या हिवाळ्यात एल.टी.सी. घेऊन सहकुटुंब उज्जैनला गेलो. महाकालाचं दर्शन झालं. (या मंदिराचा अठराव्या शतकातला जीर्णोद्धार शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांनी केला. आडनाव वाचून गोंयकाराची मान जरा ताठ होतेच!) पण मला खरी ओढ होती आत्याच्या घराची. साठ वर्षांपूर्वी लग्न होऊन ती तिकडे गेली, तेव्हा ट्रंकेतून आपली बाहुली घेऊन गेली होती.

बाहुली जर्मन. आजोबांनी मुंबईच्या चोरबाजारातून आणलेली. मानेमागे, केसांखाली 'आर्मांड मार्सेल, जर्मनी, ३९०' असं कोरलेलं आहे. सेंट पीटर्सबर्गला जन्मलेल्या या गृहस्थाचा कारखाना थुरिंगियात, झोनेबर्गजवळ होता आणि ३९० हा साच्याचा नंबर. चिनीमातीचं डोकं झिलई न देता भाजायचं, मग गाल-ओठ रंगवून पुन्हा भाजायचं. म्हणून ते चकाकत नाही, कातडीसारखं मऊ दिसतं. याला बिस्क म्हणतात. साचा एकच, तोंड तेच. त्याला झगा-टोपी चढवली की झाली बव्हेरियाची शेतकरीण, वेष बदलला की दुसऱ्याच मुलुखाची. हे कपडे त्या भागातल्या बायका आणि पोरं घरी बसून, नगावर मजुरी घेऊन शिवत. ज्या मुलुखाचा वेष, तो त्यांनी कधी पाहिला तरी असेल का?

आत्याच्या बाहुलीचा मूळचा झगा आमच्या पावसाळ्यात कसरीने खाल्ला. पोर रडायला लागली, तेव्हा कुळागरात कामाला येणाऱ्या म्हाताऱ्या कुणबीणीने आपल्या जुन्या तांबड्या चौकड्यांच्या लुगड्याचा तुकडा फाडून बाहुलीला नेसवला आणि खांद्यावर गाठ मारली. ती गाठ आजवर सुटलेली नाही.

आम्ही गेलो त्याच आठवड्यात एक जुन्या वस्तूंचा व्यापारी यायचा होता. आत्याच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं आणि 'विकून टाका' असा सल्ला आतेभावाला फोनवरून मीच दिला होता. व्यापारी भला माणूस. म्हणाला, मूळचा पोशाख असता तर किंमत बरीच आली असती. आता हे फडकं सोडून अंगाला कुठे तडा आहे का, ते बघावं लागेल.

"गाठीला हात लावायचा नाही," आत्या म्हणाली. एवढंच. तो चहा पिऊन गेला. ऑपरेशनचे पैसे आम्ही भावंडांनी मिळून जमवले. मला मान वर करून बोलवेना.

निघण्याआधी मी मुलीसाठी झाबुआची भिल्ल बाहुल्यांची जोडी घेतली. कापडी, पुरुषाच्या हातात तीरकामठा. याच कलेसाठी झाबुआच्या रमेश आणि शांती परमार या दांपत्याला २०२३ साली पद्मश्री मिळाली. आत्याने चष्मा लावून बाईचा घागरा उलटा करून टाके पाहिले.

"ही शिवणारी हे कपडे स्वतः नेसत असणार," ती म्हणाली. मग माझ्या बायकोकडे वळली. "पुढच्या खेपेस तांबड्या चौकड्यांचा वीतभर तुकडा आण गो. पदर विरलाय. आतून ठिगळ लावू, गाठ न सोडता."